मुक्तीचा अर्थ : पंडिता रमाबाईंची स्मृती, ख्रिस्तश्रद्धा आणि दुष्काळातील कार्य

सारांश

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या धर्मांतराचा विचार मराठी इतिहासलेखनात बहुधा दोन टोकांवरून झालेला आहे. एका बाजूस त्याकडे स्वधर्मत्याग म्हणून पाहिले गेले, तर दुसऱ्या बाजूस दुःखी जीवाला लाभलेली शांती म्हणून. प्रस्तुत लेखात रमाबाईंचा दुष्काळग्रस्त भूतकाळ, त्यांच्या ख्रिस्तश्रद्धेचे टप्पे आणि केडगाव येथील मुक्ती सदनाचे कार्य यांचा परस्परसंबंध तपासला आहे. रमाबाईंना श्रद्धेतून लाभलेली मुक्ती भूतकाळाच्या विस्मरणात नसून त्या भूतकाळावर प्राप्त झालेल्या अधिकारात होती, असे प्रतिपादन येथे केले आहे. या मुक्तीच्या मर्यादांचाही विचार लेखाच्या अखेरीस केला आहे.

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या व्यक्तींनी आपल्या आयुष्याची हकीकत लिहून ठेवण्याची एक परंपरा निर्माण केली. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे या परंपरेतील आरंभीचे महत्त्वाचे आत्मचरित्र होय. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही तिची वाङ्मयीनदृष्ट्या सर्वांत समृद्ध परिणती मानली जाते. अशा लेखनाचा एक ठराविक साचा असतो. आधी अंधार, मग शोध आणि अखेरीस प्रकाश, असा त्याचा क्रम असतो. साक्ष देणारी व्यक्ती आपल्या पूर्वायुष्याकडे नव्या श्रद्धेच्या जागेवरून पाहत असल्याने जुन्या दुःखाला नवा अर्थ प्राप्त होतो.

रमाबाईंचे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘अ टेस्टिमनी’ हे आत्मनिवेदन याच परंपरेत बसते. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला ते एकटे वाचून चालत नाही. वयाच्या पन्नाशीत लिहिलेल्या या निवेदनाशेजारी त्यांची १८८३ ते १८८६ या काळातील पत्रे ठेवावी लागतात. सिस्टर जेराल्डीन यांनी जतन केलेला हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. त्यानंतर उमा चक्रवर्ती, मीरा कोसंबी आणि गौरी विश्वनाथन यांच्या संशोधनामुळे रमाबाईंच्या चरित्राची नव्याने मांडणी झाली. पत्रे आणि आत्मनिवेदन एकत्र वाचली असता असे दिसून येते की, रमाबाईंची मुक्ती ही एका दिवसाची घटना नव्हती. ती अनेक वर्षे चाललेली, वादविवादांनी भरलेली आणि अखेर कृतीत उतरलेली प्रक्रिया होती.

वेदनेचा भूतकाळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रांगांतील गंगामूळ येथे, आजच्या कर्नाटक राज्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे व्यासंगी विद्वान होते. आपल्या गुरूंनी पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकविल्याचे त्यांनी तरुणपणी पाहिले होते आणि आपल्याही पत्नीला ही विद्या द्यावी असा त्यांचा निश्चय झाला. त्यासाठी त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. पुढे त्यांनी अरण्यात आश्रम थाटून द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकविले. लक्ष्मीबाईंनी ती विद्या आपल्या धाकट्या मुलीला दिली. स्त्रीला शास्त्राध्ययन नाकारणाऱ्या काळात आईच्या मुखातून संस्कृत शिकण्याचे भाग्य रमाबाईंना लाभले, ही बाब त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

आश्रमातील आतिथ्य आणि वाढते कर्ज यांमुळे कुटुंबाला गंगामूळ सोडावे लागले. रमाबाई तेव्हा काही महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटीत ठेवून त्यांना सह्याद्रीच्या उतारावरून खाली आणले गेले, असे त्यांनी नमूद केले आहे. यानंतर हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणकथन करीत फिरत राहिले. लोकांनी दिलेल्या दक्षिणेवर निर्वाह चाले आणि त्यातील बराचसा भाग पुन्हा दानधर्मात खर्च होई.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील टंचाईच्या काळात या जीवनपद्धतीचा आधारच खचला. जवळचे द्रव्य, भांडी आणि वस्त्रे संपली. अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचाही विचार केला होता. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण कृष्णाबाई यांचेही निधन झाले. आईच्या अंत्यविधीचा प्रसंग रमाबाईंच्या स्मरणात कायमचा कोरला गेला. खांदा देण्यास पुरेसे लोक न मिळाल्याने बंधू श्रीनिवास आणि इतर दोघांसह रमाबाईंना स्वतः चौथी व्हावे लागले. उंची कमी असल्यामुळे आपल्या वाट्याचा भार त्यांनी डोक्यावर वाहिला, आणि स्मशान सुमारे तीन मैल दूर होते.

यानंतर दोघा भावंडांनी उत्तर भारतापर्यंत पायी प्रवास केला. पंजाबातील थंडीत झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. पुरेसे अन्न आणि वस्त्र नसलेल्या या दिवसांचे वर्णन रमाबाईंनी संयमाने केले आहे. त्या वर्णनात एक कठोर आत्मपरीक्षण आहे. भुकेने मरत असतानाही आपल्या कुटुंबाला हलके समजले जाणारे काम करणे कमीपणाचे वाटत होते आणि उपजीविकेचे कोणतेही व्यावहारिक कौशल्य आपल्याला येत नव्हते, हे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले आहे. दैवाला दोष देऊन थांबण्याऐवजी आपल्या दुःखामागील सामाजिक कारण शोधण्याची ही वृत्ती लक्षात घेण्याजोगी आहे. ती पुढे त्यांच्या संस्थेच्या रचनेत उतरली, हे यथावकाश दिसेल.

मोक्षाच्या अधिकाराचा प्रश्न

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या विद्वत्तेची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. याच शहरात केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांचे अध्ययन करण्यास सुचविले. पुराणे आणि व्याकरण त्या शिकल्या होत्या, परंतु वेदाध्ययन स्त्रियांना वर्ज्य मानले जाई. त्यामुळे हे सुचविणेच रमाबाईंसाठी धक्कादायक होते.

धर्मशास्त्रांचा स्वतंत्रपणे अभ्यास करताना त्यांच्या ध्यानात आले की, शास्त्रग्रंथांत परस्परांशी कितीही मतभेद असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. स्त्री आणि शूद्र यांना पुरुष द्विजाप्रमाणे मोक्षाचा अधिकार नाही, हेच ते एकमत होते. रमाबाईंनी काढलेला हा निष्कर्ष सर्वांना मान्य होईल असे नाही. भक्तिपरंपरेतील स्त्री-संतांचा दाखला देऊन त्याला उत्तर देता येते. तथापि, ज्या मुलीने व्रते, उपवास आणि तीर्थयात्रा यांत अख्खे बालपण घालविले आणि त्या मार्गावरच आईवडील गमावले, तिला हा निष्कर्ष किती खोलवर लागला असेल हे समजून घेणे आवश्यक आहे. ज्या पुण्यासाठी सर्वस्व खर्च केले, त्या पुण्याचे अंतिम फळ आपल्याला स्त्री म्हणून मिळणारच नाही, असे त्यांना वाटले. भुकेच्या वेदनेत या बौद्धिक वेदनेची भर पडली.

१८८० मध्ये ढाक्यात श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. सिल्चर येथील घरी त्यांना बंगालीतील लूकच्या शुभवर्तमानाची प्रत सापडली आणि एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी बायबलमधील सृष्टिकथा ऐकली. पत्नीचा हा ओढा पतीला रुचला नाही. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या विकाराने मेधावींचा मृत्यू झाला. अशा रीतीने वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच रमाबाईंनी आईवडील, बहीण, भाऊ आणि पती यांना गमावले होते. त्यांच्याजवळ उरली होती ती एक तान्ही मुलगी, संस्कृत विद्या आणि एक अनुत्तरित प्रश्न.

पुण्यात येऊन त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची आवश्यकता मांडली. म्हणजेच सार्वजनिक कार्यास त्यांनी धर्मांतरापूर्वीच आरंभ केला होता. ख्रिस्तश्रद्धेमुळेच रमाबाई समाजसेवेकडे वळल्या, हे काही चरित्रांतून सूचित होणारे विधान म्हणून तपासून घ्यावे लागते.

बाप्तिस्मा आणि मतभेद

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. दुःखाच्या मालिकेत आणखी एका मृत्यूची भर पडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. वाढत्या बहिरेपणामुळे रमाबाईंना वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडून द्यावा लागला.

या निर्णयामागील प्रेरणा स्पष्ट करताना रमाबाईंनी ज्या प्रसंगाला विशेष महत्त्व दिले आहे तो येथे लक्षणीय ठरतो. लंडनमधील फुलहॅम येथे भगिनीसंघाने चालविलेले निराधार आणि ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांचे वसतिगृह त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांच्या भूतकाळामुळे समाजाने त्यांना कायमचे दूर लोटले असते, त्यांची तेथे ममतेने शुश्रूषा होत होती. असे का करता, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. विहिरीवर भेटलेल्या त्या स्त्रीचा भूतकाळ येशूला ठाऊक आहे आणि तरीही तो तिच्याशी बोलतो, तिचा अव्हेर करीत नाही. ज्या विधवेला गतजन्मीच्या पापाची मूर्ती समजले जाई तिच्या दृष्टीने या कथेचा अर्थ किती वेगळा होता, हे स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही. रमाबाईंच्या ख्रिस्तश्रद्धेचे मूळ येथे सापडते. भूतकाळ हा स्त्रीवरील अंतिम निवाडा नाही, हा दिलासा त्यांना या श्रद्धेत दिसला.

असे असले तरी वाँटेजच्या भगिनींना अपेक्षित होती तशी आज्ञाधारक नवख्रिस्ती स्त्री त्यांना रमाबाईंमध्ये मिळाली नाही. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये डोरोथिया बील यांच्या सहवासात शिकत असताना रमाबाईंनी त्रैक्याचा सिद्धांत आणि चर्चची अधिकारवाणी यांविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा विषय निघाला तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. पूर्वीच्या पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या प्रयासाने मानेवरून उतरविल्यावर तसेच दुसरे जोखड आपण खांद्यावर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी १८८५ च्या पत्रव्यवहारात दिले आहे. मनोरमेच्या धार्मिक शिक्षणावरूनही सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा तीव्र वाद झाला.

ही पत्रे वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. बाप्तिस्म्यानंतरच्या काळातही रमाबाई मुक्त झालेल्या दिसत नाहीत, त्या मुक्तीसाठी झगडताना दिसतात. ज्या वसाहतवादी काळात शासक आणि धर्मप्रसारक यांच्यातील सीमारेषा अनेकदा पुसट असे, त्या काळात एका एतद्देशीय विधवेने बिशपांशी वाद घालणे ही सामान्य गोष्ट नव्हती. याच काळात महाराष्ट्रात त्यांच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली होती. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकातून रमाबाईंच्या निर्णयाची पाठराखण केली.

शारदा सदन आणि १८९१ चा अनुभव

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना होऊन दहा वर्षे आर्थिक साहाय्याचे आश्वासन मिळाले. त्याच्या आधारे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. सदनात कोणत्याही धर्माचे शिक्षण दिले जाऊ नये, अशी त्यामागील भूमिका होती. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार म्हणून त्याच्याशी जोडलेले होते.

या काळात रमाबाईंच्या धार्मिक जीवनात जे घडले ते त्यांनी ‘टेस्टिमनी’मध्ये नमूद केले आहे. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना त्यांना जाणवले की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारून बसलो आहोत, परंतु ख्रिस्ताचा प्रत्यक्ष अनुभव आपल्याला आलेला नाही. धर्म बुद्धीला पटला होता, मन मात्र रितेच होते. स्वतःच्या प्रयत्नांनी पुण्य मिळविण्याची जी धडपड बालपणापासून चालू होती, तीच नव्या धर्मातही आपण नकळत चालू ठेवली होती, हे त्यांच्या ध्यानात आले. १८९१ मधील या जाणिवेपासून आपल्याला खरी शांती लाभली, असे त्यांचे कथन आहे.

इतिहासकाराला या आंतरिक अनुभवाची सत्यासत्यता ठरविता येत नाही. त्याचा परिणाम मात्र पाहता येतो. तीर्थयात्रेच्या काळात उपास-तापास करूनही देव प्रसन्न झाला नाही, आईवडील वाचले नाहीत, ही एक अपराधाची आणि अपयशाची सल त्या बालपणात दडलेली होती. कृपा ही कमवावी लागत नाही, ती दिली जाते, हा विचार या सलीवरचा उपाय ठरला असावा असे मानण्यास जागा आहे. त्यानंतरच्या रमाबाईंच्या लेखनात आईवडिलांविषयी कटुता आढळत नाही. मरणापूर्वी वडिलांनी आपल्याला ईश्वराच्या हाती सोपविले आणि त्याची सेवा करण्यास सांगितले, हा प्रसंग त्या कृतज्ञतेने आठवतात. आपली ख्रिस्तसेवा ही त्या पितृवचनाचीच पूर्तता आहे, असे त्या सूचित करतात. म्हणजे श्रद्धा बदलली, तरी पित्याशी असलेले नाते तुटले नाही, उलट त्याला नवा अर्थ लाभला.

या अनुभवाची सामाजिक किंमतही रमाबाईंना मोजावी लागली. त्यांच्या खाजगी प्रार्थनेस काही विधवा मुली स्वेच्छेने बसू लागल्या. ‘केसरी’ने यावर कठोर टीका केली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून घेतल्या. टीकाकारांची बाजू संपूर्णपणे निराधार होती असे म्हणता येत नाही. धर्मनिरपेक्ष म्हणून चालविलेल्या संस्थेत संचालिकेच्या श्रद्धेचा प्रभाव पडणे हा विश्वासाचा प्रश्न होता. तथापि, आपल्या खोलीचे दार बंद करून प्रार्थना करण्याचे बंधन आपण मानणार नाही, ही रमाबाईंची भूमिका वाँटेजमधील भूमिकेशी सुसंगतच होती. याच वर्षी सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. हिंदू राहूनच त्यांनी स्वतःच्या वैधव्याच्या भूतकाळातून बाहेर पडण्याचा मार्ग स्वीकारला. शारदा सदनाच्या दारातून मुक्तीकडे जाणारा एकच रस्ता नव्हता, याचे हे उदाहरण होय.

दुष्काळाची पुनर्भेट

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंच्या आयुष्यातील हा सर्वांत कसोटीचा क्षण होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दुष्काळाच्या बातम्या वाचताना स्वतःच्या उपासमारीच्या स्मृती उफाळून आल्याचे त्यांनी आपल्या दुष्काळविषयक निवेदनात लिहिले आहे. अशा वेळी वेदनादायक आठवणींपासून दूर राहणे हा स्वाभाविक मार्ग असता. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. मदतकेंद्रांत आणि रस्त्यांवर त्यांनी हाडांचे सापळे झालेली मुले पाहिली. निराधार मुलींना फसवून नेणारी माणसेही तेथे फिरत होती. आपण वीस-बावीस वर्षांपूर्वी जशा होतो, तशाच या मुली आहेत, ही जाणीव त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते.

सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी आश्रयास आणल्या. याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ पसरल्याने एवढ्या मोठ्या संख्येला शहरात ठेवणे अशक्य झाले. पुण्याजवळ केडगाव येथे रमाबाईंनी आधी घेतलेली सुमारे १०० एकर जमीन होती. तेथे या मुलींची सोय झाली आणि १८९८ मध्ये ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. बॉस्टनच्या संस्थेशी असलेला दहा वर्षांचा करार संपत आल्याने केडगावचे कार्य उघडपणे ख्रिस्ती स्वरूपात चालविणे आता शक्य झाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर सदनातील स्त्रिया व मुलांची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

‘मुक्ती’ या नावाकडे येथे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. रमाबाईंनी संस्थेसाठी परकीय शब्द निवडला नाही. ज्या परंपरेने हा शब्द घडविला आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे स्त्रियांना त्याचा अधिकार नाकारला, तोच शब्द त्यांनी दुष्काळात सापडलेल्या, बहुतांशी निरक्षर आणि अनेक जातींच्या मुलींच्या घरावर कोरला. कलकत्त्यात उद्भवलेल्या प्रश्नाला वीस वर्षांनी दिलेले हे उत्तर होय.

मुक्ती सदनातील जीवन

सदनाच्या अंतर्गत रचनेकडे पाहिले असता रमाबाईंच्या भूतकाळाच्या खुणा जागोजागी आढळतात. आपल्या कुटुंबाला उपजीविकेचे कौशल्य येत नव्हते आणि श्रमाची लाज वाटत होती, ही त्यांची जुनी खंत होती. मुक्ती सदनात शेती, विणकाम, शिवणकाम, गाईगुरांची निगा, तेल गाळणे, छपाई अशी अनेक कामे मुलींनाच शिकविली जात. विद्या आणि श्रम यांमधील उच्चनीचता येथे मोडली गेली. संस्कृत पंडितेच्या संस्थेत मुली खिळे जुळवीत होत्या, यातील अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे.

‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा स्वतंत्र विभाग होता. फुलहॅममध्ये पाहिलेल्या वसतिगृहाचे हे मराठी रूप होते. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतल्यामुळे अंध मुलींच्या शिक्षणाचीही सोय झाली. अनेक मुली पुढे शिक्षिका, परिचारिका आणि गृहिणी झाल्या.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. सामान्य शिक्षण झालेल्या स्त्रीला समजेल असे मराठी वापरावे, हा त्यांचा आग्रह होता. संस्कृत ही ज्यांची जणू मातृभाषाच होती त्या विदुषीने संस्कृतप्रचुरता टाळून साधी भाषा निवडावी, यामागे ज्ञान आणि मुक्ती या दोन्ही गोष्टी मूठभरांपुरत्या राहू नयेत, ही तळमळ होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. अखेरच्या काळात मुलीच्या मृत्यूचे दुःख उराशी असतानाही अनुवादाचे काम त्यांनी सोडले नाही. तो अनुवाद १९२४ मध्ये मुक्ती छापखान्यातून बाहेर पडला.

एक अवघड प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन रमाबाईंच्या बाजूने झाले. परंतु एका प्रश्नाला सामोरे गेल्याशिवाय हा विचार पूर्ण होत नाही. रमाबाईंनी वर्षानुवर्षे अभ्यास करून, प्रश्न विचारून आणि बिशपांशी वाद घालून आपली श्रद्धा निवडली. दुष्काळातून वाचविलेल्या मुलीला असे निवडीचे स्वातंत्र्य कितपत होते? जिने अन्न दिले, वस्त्र दिले आणि प्राण वाचविले, तिच्या श्रद्धेला नाही म्हणणे एका अनाथ बालिकेला शक्य होते काय?

या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही, कारण त्या मुलींनी स्वतः लिहिलेली साधने अल्प आहेत. जी आहेत ती बहुधा मिशनच्या वृत्तांतांतून आलेली असून त्यांनाही साक्षीच्या साच्याने वळण दिले आहे. मुक्ती सदनात प्रार्थना हा दिनक्रमाचा अविभाज्य भाग होता आणि १९०५ मध्ये तेथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. अशा वातावरणात भिन्न मत बाळगणे सोपे नसणार. म्हणून रमाबाईंना लाभलेली मुक्ती जशीच्या तशी त्यांच्या आश्रित मुलींनाही लाभली, असे गृहीत धरणे योग्य होणार नाही.

त्याचबरोबर दुसरी बाजूही तोलली पाहिजे. या मुलींसमोरचे पर्याय कोणते होते? मरण, वेश्याव्यवसायासाठी होणारी विक्री किंवा आश्रय, एवढेच त्यांतील अनेकींच्या वाट्यास आले असते. जातपात न पाहता शेकडो अनाथ मुलींना अन्न, अक्षरे आणि हातांना काम देणाऱ्या संस्था त्या काळी फारच थोड्या होत्या. टीका करणाऱ्या समाजाने पर्यायी आश्रय किती प्रमाणात उभा केला, हा प्रश्नही तितकाच ऐतिहासिक आहे. १८९६ मध्ये महर्षी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला, त्यामागे शारदा सदनाचे उदाहरण होते, हे येथे स्मरणात ठेवावयास हवे.

निष्कर्ष

पंडिता रमाबाईंच्या जीवनाच्या अभ्यासातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट अशी की, रमाबाईंची मुक्ती बाप्तिस्म्याच्या एका दिवशी घडून आली नाही. १८७८ मधील शास्त्रविषयक शंका, १८८३ चा बाप्तिस्मा, १८८५ मधील वाद, १८९१ ची आंतरिक जाणीव आणि १८९७ मधील दुष्काळकार्य असे तिचे टप्पे दिसतात. यांपैकी कोणताही एक टप्पा वगळला तर उरलेल्यांचा अर्थ लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, या श्रद्धेने त्यांचा भूतकाळ पुसून टाकला नाही. भुकेची, आईच्या अंत्ययात्रेची आणि झेलमच्या वाळूची आठवण अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिली. मात्र ती आठवण त्यांच्यावर सत्ता गाजवीनाशी झाली आणि त्यांनीच तिला कामाला लावले. शेकडो मुलींना मिळालेले अन्न आणि कौशल्य हे त्या स्मृतीचेच फलित होय.

तिसरी गोष्ट अशी की, व्यक्तीची मुक्ती आणि तिने इतरांसाठी उभी केलेली मुक्तीची व्यवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीविषयी आदर बाळगूनही दुसरीची चिकित्सा करता येते आणि ती करणे हे इतिहासाचे कर्तव्य आहे. रमाबाईंनी स्वतः कोणतीही अधिकारवाणी प्रश्नाशिवाय स्वीकारली नाही. त्यांच्या कार्याकडेही त्याच वृत्तीने पाहणे, हाच त्यांच्या वारशाशी प्रामाणिक राहण्याचा मार्ग ठरेल.

आजही आपल्या महाविद्यालयांत दुष्काळ, स्थलांतर आणि कौटुंबिक आघात सोसून आलेल्या विद्यार्थिनी वर्गात बसलेल्या असतात. रमाबाईंची श्रद्धा सर्वांची होऊ शकत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु कोणाचाही भूतकाळ हा त्याच्यावरील अखेरचा निवाडा नसतो, हा त्यांच्या जीवनाचा बोध शिक्षणसंस्थांत काम करणाऱ्या प्रत्येकाने मनन करावा असा आहे.